एक चमचा पावडर, सोळा तासांचा उपास

उपासाच्या बाबतीत आपला समाज मोठा कल्पक आहे. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली, त्याने ती साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस असे भरगच्च पान संपवून, वर केळ्याची शिकरण ओरपून, समाधानाची ढेकर देतच उच्चारली असली पाहिजे! या उपासाला चहा चालतो, कॉफी चालते. दूध तर चालतेच चालते. आमच्या लहानपणी घरात कॉफी व्हायची तीच मुळी उपासाच्या दिवशी. जायफळ उगाळून घातलेली, दुधाने दाट झालेली, साखरेने गोडमिट्ट. त्या कॉफीच्या वासासाठी आम्ही मुले उपास धरायला एका पायावर तयार असू.

गेल्या काही वर्षांत मात्र मध्यमवर्गीय घरांतून एक नवाच उपास शिरला आहे. याला तिथी नाही, देव नाही, कहाणी नाही. घड्याळ हेच याचे दैवत. रात्री आठ वाजता पान उचलायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पुन्हा मांडायचे. मधल्या सोळा तासांत तोंडाला कुलूप. आपल्या जुन्या व्रतवैकल्यांत दिवसातून एकदाच जेवण्याला 'एकभुक्त' असे नाव आहे. त्याचाच हा विलायतेहून परत आलेला भाऊ म्हणा ना! पण या भावाने घरचे सारे नियम उलटे केले. साबुदाणा निषिद्ध झाला, केळे बाद झाले, दूध संशयित ठरले. आणि आपल्या आज्यांनी तोंडातही धरली नसती अशी काळी कडू कॉफी तेवढी सोवळ्यात जाऊन बसली.

आता काळी कॉफी घशाखाली उतरवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. म्हणून मग प्रश्न येतो: त्यात चमचाभर दूध घातले तर? डब्यातली पांढरी पावडर, जिला हल्लीची मुले 'क्रीमर' म्हणतात, ती घातली तर? उपास मोडतो की टिकतो? वरवर पाहता हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण आमच्या कुटुंबात यावरून गेल्या पौषात, तेही भर जंगलात, चांगलीच खडाजंगी झाली. त्या निमित्ताने मी या विषयात थोडे खोल उतरलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

नागझिऱ्याची सकाळ

गोंदिया जिल्ह्यातले नागझिरा हे १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सामील झाले. राज्यातला हा पाचवा व्याघ्र प्रकल्प. साग, ऐन, बिजा, तेंदू, मोह आणि बांबू यांचे हे दाट रान. वाघ, बिबट्या, अस्वल, रानगवे, रानकुत्रे अशी सगळी मंडळी तेथे नांदतात. आमचे थोरले बंधू, वहिनी, त्यांची आहारशास्त्र शिकणारी मुलगी, मी आणि आमची सौ. असे पाच जण साकोलीच्या वाटेने तिकडे गेलो होतो.

पहाटेच्या फेरीसाठी उघड्या जिप्सीत बसायचे म्हणजे हुडहुडी भरते. प्रवासात दूध नासते म्हणून सौ.ने कॉफी, साखर आणि पांढऱ्या पावडरीचा डबा बरोबर घेतला होता. दरवाजा उघडायची वाट पाहत गाड्या रांगेत उभ्या होत्या. सौ.ने थर्मासमधले गरम पाणी पेल्यांत ओतले आणि सर्वांपुढे बिस्किटांचा पुडा धरला. दादांनी हात आडवा केला.

"मला बिस्किट नको. माझा सोळा तासांचा उपास आहे. कॉफी मात्र दे. आणि पावडर दोन चमचे घाल बरं का, नुसती कडू जात नाही."

"बाबा, मग उपास कसला राहिला?" पुतणी म्हणाली.

"अगं, पावडर म्हणजे काय खाणं आहे? पाण्यात विरघळतं ते पिणं!"

"साखरही विरघळते, बाबा."

आमच्याबरोबरचा वाटाड्या जवळच्याच गावातला. तो हे ऐकून हसला आणि म्हणाला, "साहेब, वाघानं एकदा सांबर मारलं का मंग चार-पाच दिवस त्याले कायचीच गरज नाही राहत. पाणी पेते अन् पडून रायते."

"बघा!" दादांना जोर चढला. "उपास हा निसर्गाचाच नियम आहे."

"खरे आहे दादा," मी म्हटले, "पण तो वाघ पाण्यात पावडर घालत नाही."

वहिनी हसल्या. त्यांनीही त्या दिवशी दादांच्या सोबतीने उपास धरला होता. त्यांनी मात्र काटेकोरपणे काळी कॉफी घेतली, तिच्याबरोबर आपली मधुमेहाची गोळी घेतली, आणि गाडी रानात शिरली.

वाघाचा पंथ आणि चितळाचा पंथ

रानात पाहिले तर खाण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. वाघ एका बैठकीत वीस-पंचवीस किलो मांस खातो आणि पुढे दिवसच्या दिवस काढतो. चितळ आणि गवे मात्र दिवसाचा बराच वेळ चरतात आणि उरलेल्या वेळात रवंथ करतात. गंमत अशी की महाराष्ट्रातही याच दोन पंथांचा सामना रंगला.

नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार हे अनेक पदव्या मिळवणारे विद्वान म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. २००४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. कमी वेळा खा, कारण प्रत्येक खाण्याबरोबर शरीरात इन्सुलिन पाझरते, असा विचार त्यांनी व्याख्यानांतून मांडला. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो घरोघरी पोचवला. खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवा, हे त्यांचे सूत्र. उलट, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा आणि दिवसाची सुरुवात चहा-कॉफीने न करण्याचा सल्ला दिला. २०१८-१९ च्या सुमारास लग्नाच्या पंगतीपासून लोकलच्या डब्यापर्यंत 'तुम्ही दीक्षित की दिवेकर?' असे विचारले जात होते, हे वाचकांना आठवत असेल.

आपल्या प्रश्नाशी यातली एक गोष्ट जवळून निगडित आहे. दोन जेवणांच्या मध्ये पाणी, पातळ ताक आणि बिनसाखरेचा चहा यांना डॉ. दीक्षितांनी मुभा ठेवली. ताक म्हणजे अखेर दुधाचेच लेकरू! म्हणजे पांढरा थेंब दिसला की उपास बाटला इतके कर्मठ धोरण या पंथाचेही नाही. मात्र साखरेला दार बंद आहे. हे असे का, ते समजण्यासाठी थोडे पोटात डोकावायला हवे.

बटण नव्हे, कंदिलाची वात

आपण जेवलो की रक्तात साखर वाढते. तिला पेशींत नेऊन घालण्यासाठी स्वादुपिंडातून इन्सुलिन येते. जास्तीची साखर यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. सुमारे शंभर ग्रॅम एवढी ही शिल्लक असते. जोवर इन्सुलिन वर आहे तोवर शरीर साठवणीच्या कामात असते आणि चरबीच्या कोठाराला कुलूप असते. खाणे थांबले, इन्सुलिन उतरले, यकृतातली शिल्लक खर्ची पडू लागली, की ते कुलूप निघते आणि चरबी जळू लागते. रात्रभराच्या उपासाचा सारा डाव हा एवढाच.

आता कॉफी. काळ्या बिनसाखरेच्या कॉफीच्या पेल्यात दोन-पाच कॅलरी असतात. या डावात तिची अडचण नाही. दुधाचे तसे नाही. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात पाचेक ग्रॅम दुग्धशर्करा आणि तीनेक ग्रॅम प्रथिने असतात. स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले की दुधातल्या साखरेवरून जेवढे इन्सुलिन यावे असे वाटते, त्याच्या कितीतरी अधिक ते दूध प्यायल्यावर येते. तेव्हा 'दूध पातळ आहे, ते कुठे खाणे?' हा युक्तिवाद स्वादुपिंडाला मान्य नाही.

पण येथेच लोकांची एक गैरसमजूत होते. उपास हा दिव्याच्या बटणासारखा आहे, खट् केले की लागला आणि खट् केले की विझला, असे त्यांना वाटते. तो खरे तर कंदिलाच्या वातीसारखा आहे. वात थोडी वर केली तर प्रकाश थोडा वाढतो, खूप केली तर खूप. चमचाभर दुधाने इन्सुलिनची वात किंचित वर सरकते आणि थोड्या वेळात पुन्हा खाली येते; पेलाभर गोड दुधाच्या कॉफीने ती चांगलीच भडकते. 'पन्नास कॅलरींपर्यंत चालते' असा एक नियम तोंडोतोंडी फिरतो. हिशेबाला तो सोयीचा असेल, पण शरीरात अशी पन्नासावर आखलेली लक्ष्मणरेषा नाही.

पावडरीत असते तरी काय?

डबा हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय आपल्याला नाही. ती लावून घ्यावी. या पांढऱ्या पावडरी दोन जातींच्या असतात.

एक आपल्याकडची 'डेअरी व्हाइटनर'. ही मूळची दुधाचीच पावडर, पण बहुतेक डब्यांत तिच्यात साखर मिसळलेली असते. हिच्या एका लहान चमच्यात, म्हणजे पाच ग्रॅममध्ये, वीस ते पंचवीस कॅलरी येतात.

दुसरी खरी 'क्रीमर'. नाव सायीचे, पण साय औषधालाही नाही! अमेरिकेत कार्नेशन कंपनीने १९६१ साली 'कॉफी-मेट' बाजारात आणले तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला. ग्लुकोज किंवा मक्याचे वाळवलेले सिरप, वनस्पती तेल आणि दुधातल्या प्रथिनापासून केलेले सोडियम केसिनेट, ही तिची मुख्य सामग्री. म्हणजे पेल्यात पडते ती बरीचशी साखरेची भावकी आणि तेल. वजनाने ही पावडर हलकी आणि चमच्यात थोडी मावते, म्हणून एका सपाट चमच्याच्या कॅलरी दहाच्या आसपास दिसतात; पण आपल्या घरात सपाट चमचा कोण घेतो? आपला चमचा शीगभरच.

आता दादांचा हिशेब मांडू. त्यांची पावडर पहिल्या जातीची. दोन चमचे म्हणजे पंचेचाळीस-पन्नास कॅलरी. सकाळचे दोन पेले धरले तर शंभर. म्हणजे जवळजवळ एक पोळी. महिन्याला तीन हजार कॅलरी झाल्या. शरीरातल्या किलोभर चरबीत सुमारे सात हजार सातशे कॅलरी असतात हे धरले, तर कागदावर महिन्याला चारशे ग्रॅम चरबीचा हा मामला आहे. आणि म्हशीचे अर्धी वाटी दूध व दोन चमचे साखर घालून केलेली आपली घरगुती कॉफी घेतली, तर एकाच पेल्यात शंभर कॅलरी होतात. उपासाच्या सोळा तासांत असे तीन पेले पोटात गेले, तर त्याला उपास म्हणणे म्हणजे देवाला नव्हे, वजनकाट्याला फसवणे. आणि काटा काही फसत नाही.

उपास कशासाठी?

तरीही 'मोडला की नाही?' याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. उपास कशासाठी धरला आहे, यावर ते ठरते.

वजन उतरवण्यासाठी धरला असेल, तर दिवसाचा एकूण हिशेब महत्त्वाचा. चीनमध्ये ग्वांगझाऊ येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी कमी खायचे आणि तेही सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळात. उरलेल्यांनी तेवढेच कमी खायचे, पण वेळेचे बंधन नाही. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी आठ किलो उतरले, दुसऱ्याचे सहा किलो तीनशे ग्रॅम; आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरण्याएवढा मोठा निघाला नाही. घड्याळाचा मुख्य उपयोग हा, की त्याच्या धाकाने आपण कमी खातो. तेव्हा चमचाभर दुधाच्या आधाराने कोणी सकाळची जिलबी-कचोरी टाळू शकत असेल, तर त्याने तो चमचा खुशाल घ्यावा.

रक्तातली साखर आणि इन्सुलिन ताळ्यावर आणण्यासाठी धरला असेल, तर अधिक कडक राहावे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांवर अमेरिकेत केलेल्या २०१८ सालच्या एका लहानशा प्रयोगात, सारे खाणे दिवसाच्या पहिल्या सहा तासांत उरकल्यावर वजन न उतरताही इन्सुलिनचे काम सुधारले. येथे फायदा रिकाम्या वेळेचाच होता. अशा माणसाने साखर आणि गोड पावडर वर्ज्य समजावी. काळी कॉफी किंवा कोरा चहा उत्तम.

पेशींच्या आतली साफसफाई व्हावी, या आशेने धरणारेही आहेत. पेशी आपलाच निकामी भाग मोडून पुन्हा वापरते, त्या क्रियेचे रहस्य उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांचे मूळ काम यीस्टवरचे. काळी कॉफी दिलेल्या उंदरांतही ही क्रिया वाढलेली २०१४ साली आढळली. मात्र दवाखान्यात जाऊन 'माझी साफसफाई किती झाली?' हे पाहण्याची तपासणी नाही. तेव्हा त्या नावावर कोणी पावडरीच्या चमच्यावरून घरात वाद घालू नये.

देवासाठी धरला असेल, तर तेथे कॅलरीचा संबंधच नाही. घरची रीत आणि मनाचा भाव जे सांगेल ते खरे. जायफळाची दुधाळ कॉफी तेथे बिनदिक्कत चालते.

आणि रक्ततपासणीसाठी उपाशी राहायला सांगितले असेल, तर पाण्याखेरीज काहीही नको. काळी कॉफीदेखील नको. 'अहो, बिनसाखरेचीच घेतली होती!' असे सांगत लोक सकाळी तपासणीला जातात आणि अहवालाचा घोळ होतो.

ज्याने नियम पाळला त्याचे काय?

आता पुन्हा त्या जिप्सीत चला. नऊच्या सुमारास, एका वळणावर रानगव्यांचा कळप पाहत असताना, वहिनींचा हात थरथरू लागला. एवढ्या थंडीत कपाळावर घाम. पुतणीने काही विचारले तर त्या एकदम चिडून बोलल्या, आणि मग बोलणेच तुटक होऊ लागले. अभयारण्यात गाडीतून पाय खाली ठेवता येत नाही. जे करायचे ते बसल्या जागी. दादा पावडरीच्या डब्याकडे हात नेत होते, पण पुतणीने तो बाजूला सारला, साखरेची बरणी उघडली, चार चमचे साखर पाण्यात ढवळली आणि आईला घोट घोट पाजली. दहा-पंधरा मिनिटांत वहिनी माणसात आल्या. मग त्यांना बिस्किटे खायला घातली. गवे केव्हाच निघून गेले होते. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

परतल्यावर डॉक्टरांनी उलगडा केला. मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडच्या जातीच्या, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. पोटात अन्न आहे की नाही हे त्या पाहत नाहीत. इन्सुलिनची सुई घेणाऱ्यांचेही तेच. अशा वेळी रक्तातली साखर सत्तरच्या खाली घसरली की घाम, कंप, चिडचिड, गोंधळ आणि पुढे बेशुद्धी, अशी पायरी पायरीने घसरण होते. त्यावर तातडीचा उपाय म्हणजे साधी साखर किंवा ग्लुकोज, तीन-चार चमचे. आणि पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढेच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. दुधाची किंवा तेलाची पावडर येथे उपयोगी नाही, कारण स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला उशीर लागतो.

दोन चमचे पावडर घालून ज्यांनी उपास 'मोडला' ते दादा ठणठणीत होते. आणि ज्यांनी नियमाचा काना-मात्राही ढळू दिला नाही त्या वहिनींवर प्रसंग ओढवला. आपण सारे चमच्यावर वाद घालत असतो, पण पहिला प्रश्न उपास कोण धरतो आहे हा असतो. मधुमेहाची औषधे घेणारे, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीची मुले, अशक्त वृद्ध यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा सोळा तासांचा खेळ खेळू नये. डॉ. दीक्षितदेखील सुरुवातीलाच रक्ताच्या तपासण्या करून घ्यायला सांगतात, ते उगाच नव्हे.

बाकी धडधाकट माणसासाठी निवाडा सोपा आहे. काळी कॉफी जमत असेल तर उत्तम. जमत नसेल तर चमचाभर दूध, साखरेविना, एखाद्या पेल्यात; त्याने उपासाचे फारसे बिघडत नाही. गोड पावडर आणि क्रीमर हे खाण्याच्या वेळेतले पदार्थ. त्यांना बारा वाजेपर्यंत थांबवावे. पेल्यांची संख्या मोजावी, कारण एक चमचा निरुपद्रवी असतो, पण सहा चमच्यांची पोळी होते. आणि सोळा तास सोसून बारा वाजता जर आपण दुप्पट ताटावर तुटून पडणार असू, तर त्या बिचाऱ्या पावडरीला बोल लावण्यात अर्थ नाही. ती म्हण आपल्या पूर्वजांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे.